खलपात्र (भूमिकाखेळ)

खलपात्र म्हणजे मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळात, अर्थात टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये, खेळाडूंच्या पात्रांना दीर्घकाळ विरोध करणारे व त्या विरोधातून कथेला गती देणारे पात्र होय. या खेळात साधारणतः चार ते सहा जण सहभागी होतात. त्यांतील एक जण सूत्रधार असतो व उरलेले प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. आपले पात्र काय करते हे खेळाडू सांगतो, निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात आणि परिणामाचे वर्णन सूत्रधार करतो. अनेक बैठकांतून, क्वचित काही वर्षे, चालणाऱ्या अशा सलग कथेला मोहीम किंवा कॅम्पेन म्हणतात. मोहिमेतील दुकानदार, पहारेकरी, राजे, वाटसरू अशी सर्व इतर पात्रे सूत्रधारच वठवतो. त्यांपैकी सर्वाधिक पूर्वविचार मागणारे पात्र खलपात्राचे असते.

नाटकातील खलपुरुष आणि भूमिकाखेळातील खलपात्र यांत एक मूलभूत फरक आहे. नाटककाराला शेवटचा प्रवेश ठाऊक असतो, सूत्रधाराला तो ठाऊक नसतो. पहिल्याच बैठकीत एखादा खेळाडू खलपात्रावर बाण सोडतो, वीस बाजूंचा फासा नेमका वीस दाखवतो आणि सहा महिन्यांची योजना जागच्या जागी कोसळते. म्हणून येथे संवाद लिहून ठेवण्याचा फारसा उपयोग होत नाही. खलपात्राला काय हवे, ते कशासाठी हवे आणि अडथळा आला तर ते काय करील, एवढे सूत्रधाराच्या मनात पक्के असावे लागते.

पार्श्वभूमी

या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. आरंभीच्या खेळांत भुयारे, सापळे आणि खजिना यांवर भर होता. भुयाराच्या तळाशी राक्षस वाट पाहत बसलेला असे आणि खेळाडू पोहोचेपर्यंत त्याला दुसरा उद्योग नसे. १९८३ मध्ये ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्याने लिहिलेल्या 'रेव्हनलॉफ्ट' या साहसकथेने हे चित्र पालटले. तिच्यातील काउंट स्ट्राड हा रक्तपिपासू सरदार आपल्या किल्ल्यात हिंडतो, खेळाडूंवर पाळत ठेवतो, हल्ला करून माघार घेतो. त्याला पूर्वायुष्य आहे: धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर तो अनुरक्त झाला, लग्नाच्या दिवशी त्याने भावाला ठार केले आणि त्या तरुणीने तटावरून उडी घेतली. पत्त्यांच्या भविष्यकथनातून स्ट्राडचा हेतू आणि त्याच्याविरुद्ध उपयोगी पडणाऱ्या वस्तूंची ठिकाणे दर खेळात नव्याने ठरतात, त्यामुळे साहसकथा आधी वाचलेल्या खेळाडूलाही पुढचे सांगता येत नाही. १९८१ च्या 'कॉल ऑफ थुलू' या भयखेळात याच्या उलट दिशा दिसते. तेथील मूळ विरोधी शक्ती इतकी अमानवी आहे की तिच्याशी बोलणीच संभवत नाहीत, आणि प्रत्यक्ष संघर्ष तिच्या मानवी उपासकांशी होतो.

लिखित संहितेवाचून पात्र उभे करण्याची कला महाराष्ट्राला मात्र अपरिचित नाही. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकात कथानक आधी ठरते, पण संवाद नट रंगमंचावरच रचतात. त्याच्या पूर्वरंगात येणारा, ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा काळा संकासुर प्रेक्षकांना हसवतो आणि बालप्रेक्षकांना घाबरवतोही. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस पेठ, सुरगाणा या तालुक्यांत आणि लगतच्या जव्हार-मोखाडा भागात होणाऱ्या बोहाड्यात देवांच्या सोंगांबरोबर रावण, महिषासुर यांची सोंगेही मुखवटे घालून रात्रभर नाचवली जातात. असुराचा मुखवटा देवाच्या मुखवट्याइतक्याच निगुतीने घडवला जातो, ही गोष्ट सूत्रधाराने ध्यानात घेण्यासारखी आहे.

पंचवटीचा क्रम

खलपात्र एकदम समोर आणावे की टप्प्याटप्प्याने, हा प्रश्न प्रत्येक मोहिमेत उद्भवतो. त्याचे उत्कृष्ट उत्तर वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात सापडते, आणि परंपरेने त्या घटनांचे स्थळ नाशिकची पंचवटी मानले आहे. शूर्पणखेची नासिका येथे छेदली गेली म्हणून 'नाशिक' अशी नावाची लोकव्युत्पत्ती सांगतात.

प्रथम एकटी शूर्पणखा येते. ती लढायला आलेली नसते. विवाहाची मागणी, थट्टा, अपमान, मग हल्ला आणि विरूपता असा तो प्रसंग वाढत जातो. ती जनस्थानातील आपला भाऊ खर याच्याकडे जाते. तो चौदा राक्षस धाडतो आणि ते मारले जातात. नंतर खर आणि दूषण चौदा हजारांचे सैन्य घेऊन चालून येतात व तेही नष्ट होते. आता बातमी लंकेला पोहोचते. येथवर विरोध संख्येने वाढत गेला होता, पण रावण बळाची मात्रा वाढवीत नाही. ज्याच्यापुढे चौदा हजार टिकले नाहीत त्याच्यापुढे पंधरा हजार नेण्यात अर्थ नाही, हे ओळखून तो रीतच बदलतो. सुवर्णमृग पाठवून तो राम-लक्ष्मणांना आश्रमापासून दूर नेतो आणि जे जिंकता येत नाही ते पळवून नेतो.

या क्रमात तीन गोष्टी साधल्या आहेत. मुख्य खलपात्राचे नाव ते प्रत्यक्ष दिसण्याच्या पुष्कळ आधी कानी पडते. नायकांच्या प्रत्येक विजयातूनच पुढचे संकट जन्माला येते, म्हणजे पहिल्या झटापटीचा परिणाम शेवटपर्यंत पोहोचतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: खलपात्र पराभवातून शिकते. खेळाडूंनी एकदा दार मोडून हल्ला केला, तर दुसऱ्या वेळी त्या दारामागे कोणी नसावे.

मारीचाचे पात्र स्वतंत्र अभ्यासाचे आहे. त्याने रामाचा बाण पूर्वी अनुभवलेला असतो आणि तो रावणाला परोपरीने परावृत्त करू पाहतो. नकार दिला तर रावण मारणार आणि होकार दिला तर राम मारणार, अशा पेचात तो रामाच्या हातचे मरण पत्करतो. अनेक मोहिमांत खलपात्राचे हस्तक हे केवळ तलवारीखाली येणारे आकडे असतात. त्यांत एखादा मारीच असला, तर खेळाडू तलवार उपसण्यापूर्वी त्याच्याशी बोलू लागतात, आणि खलपात्राच्या दहशतीचे मोजमाप त्यांना त्या बोलण्यातून मिळते.

कीचक

मराठी रंगभूमीवरील सर्वांत परिणामकारक खलपात्र कोणते, यावर मतभेद संभवतात. परंतु ज्याच्यामुळे सरकारला नाटकच बंद करावे लागले असे खलपात्र म्हणून कीचकाचे नाव घ्यावे लागते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. खाडिलकर हे 'केसरी'शी निगडित, टिळकांचे सहकारी. वंगभंगाला दोन वर्षे होत होती. उन्मत्त कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन पाहिला, सैरंध्रीत मातृभूमी, सबुरी सांगणाऱ्या कंकभटात मवाळ आणि बल्लवात जहाल पक्ष. नाटकात यांपैकी एकाही समकालीन व्यक्तीचे नाव नव्हते. १९०९ च्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेले कलेक्टर जॅक्सन यांना अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडून ठार केले. त्या काळच्या तापलेल्या वातावरणात, १९१० मध्ये, 'कीचकवधा'वर बंदी आली. लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनीही आपल्या 'इंडियन अनरेस्ट' या ग्रंथात या नाटकाची दखल घेतली.

रूपकाचा हा भाग सर्वपरिचित आहे. खेळाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे ती या कथेची मूळ बांधणी, जी महाभारताच्या विराटपर्वातून आली आहे. कीचक हा भीमाहून बलवान नाही. द्वंद्वात तो हरणार, याविषयी वाचकाला शंका नसते. तरीही तो दीर्घकाळ अजिंक्य राहतो, कारण नायकांचे हात बांधलेले आहेत. अज्ञातवासाचे वर्ष संपत आलेले आहे आणि ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास आहे. भर सभेत कीचक सैरंध्रीला लाथ मारतो तेव्हा तिचे पती तेथेच असतात व गप्प राहतात. राजा विराटही गप्प राहतो, कारण कीचक त्याचा मेहुणा आणि सेनापती आहे आणि राज्य त्याच्या बाहुबळावर उभे आहे. राणी सुदेष्णा मद्य आणण्याच्या निमित्ताने दासीला भावाच्या महाली धाडते. अशा रीतीने कीचकाच्या अत्याचाराला प्रत्येकाची काही ना काही सोय आधार देते.

नवशिका सूत्रधार खलपात्राला अधिक शक्ती, अधिक मंत्र, अधिक जाड चिलखत देऊन त्याचे भय वाढवू पाहतो. ते भय फाशांच्या दोन फेऱ्या टिकते. कीचकाचे भय निराळ्या जातीचे आहे. त्याला मारणे शक्य आहे, पण मारण्याची किंमत काय, आणि ती कोणी मोजायची, यावर भावाभावांत एकमत नाही. मोहिमेत असे खलपात्र आले की खेळाडूंमध्ये खरा वाद होतो. चांगल्या बैठकीत सूत्रधाराने अशा वेळी अर्धा तास एक अक्षरही न बोलता चहा प्यावा.

उपकारकर्ता आणि विश्वासू

खलपात्राने क्रूर दिसलेच पाहिजे असे नाही. जब्बार पटेल दिग्दर्शित, विजय तेंडुलकर लिखित 'सामना' या १९७० च्या दशकातील चित्रपटात निळू फुले यांनी उभा केलेला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील हा याचा वस्तुपाठ होय. गावात आलेल्या एका मद्यपी, वाट चुकलेल्या मास्तरला (डॉ. श्रीराम लागू) तो घरी आणतो, जेवूखाऊ घालतो, आपल्या कर्तृत्वाचा पसारा अभिमानाने दाखवतो. तो पसारा खोटा नाही. कारखाना खरा आहे आणि लोकांची भाकरीही खरी आहे. मास्तर मात्र मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाविषयी विचारत राहतो. ज्याचे मीठ खाल्ले त्यालाच तो प्रश्न विचारणे हेच त्या संघर्षाचे रूप आहे. भूमिकाखेळात खेळाडूंना निवारा, शस्त्रे व काम देणारा यजमानच पुढे विरोधी ठरला, तर केवळ अकस्मात प्रकटीकरणाने काम भागत नाही. त्याचे उपकार खरे असावे लागतात.

विश्वासू सोबत्याच्या रूपातील खलपात्राचे जागतिक उदाहरण म्हणजे शेक्सपिअरचा इयागो. 'ऑथेल्लो' मराठीत गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंझारराव' म्हणून आणला, आणि पुढे नाशिककर वि. वा. शिरवाडकरांनीही त्याचे रूपांतर केले. खेळात हा प्रकार जपून वापरावा. नाटकात इयागोचे स्वगत प्रेक्षकांना ऐकू येते, मेजावरील खेळाडूंना ते ऐकू येत नाही. काहीच सुगावा न देता केलेला विश्वासघात त्यांना सूत्रधाराची लबाडी वाटते, आणि त्यानंतर ते मोहिमेतील एकाही पात्रावर विश्वास टाकत नाहीत.

व्यक्तीऐवजी प्रथा

देवलांच्या 'शारदे'त (१८९९) वृद्ध नवरदेव भुजंगनाथ हसू आणतो, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित चीड आणतो, आणि पैशासाठी मुलीला विकायला निघालेला पिता कांचनभट मन विषण्ण करतो. तिघांपैकी एकाला दूर केले तरी दुसरा भुजंगनाथ येणारच, कारण खरी विरोधी शक्ती जरठ-कुमारी विवाहाची चाल ही आहे. (बालविवाहास प्रतिबंध करणाऱ्या १९२९ च्या 'सारडा कायद्या'चे नाव या नाटकावरून पडले असा समज आढळतो. तो निराधार आहे. ते नाव हरबिलास सारडा यांचे.) प्रथेला खलपात्र करायचे तर तिला तोंडे द्यावी लागतात, कारण खेळाडू प्रथेशी संवाद करू शकत नाहीत. परंतु एक तोंड बंद केल्याने प्रश्न सुटू नये.

रचनेची रीत

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मोहीम आजच्या नाशिकमध्ये घडते. द्वारका चौकात मुंबई–आग्रा महामार्गाला पुण्याकडचा रस्ता मिळतो, मालमोटारी अहोरात्र जातात. तेथून जवळ एका कांदा-व्यापाऱ्याचे गोदाम आहे. लासलगावपासून सटाण्यापर्यंतचे शेतकरी त्याच्याकडून उचल घेतात. त्याचे ध्येय एका वाक्यात सांगता यावे: पुढच्या हंगामापर्यंत पाच गावांतील प्रत्येक कांदाचाळीचा माल त्याच्या शब्दाशिवाय हलू नये. कारणही हवे: त्याच्या वडिलांनी भाव कोसळलेल्या वर्षी माल रस्त्यावर ओतला होता आणि त्यानंतर ते घरी परतले नाहीत. भाव कोणाच्या तरी मुठीत असतोच, मग तो आपल्या मुठीत असावा, असे त्याला मनापासून वाटते. हे कारण त्याच्या कृत्यांचे समर्थन करीत नाही, पण त्याच्या तोंडी घातले तर समोरच्याला क्षणभर निरुत्तर करते. खलपात्राच्या कारणाची हीच परीक्षा आहे.

मग साधने येतात: हिशेबाच्या वह्या, हमालांचा मुकादम, दोन मालमोटारमालक आणि ज्याच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च तो करतो असा एक ग्रामसेवक. हा ग्रामसेवक म्हणजे या मोहिमेतील मारीच. पुढे वेळापत्रक. व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) या खेळाने रूढ केलेली एक सोपी युक्ती येथे उपयोगी पडते. कागदावर वर्तुळ काढून त्याचे सहा भाग करावेत, आणि खेळाडूंनी काहीच केले नाही तर काय घडेल ते प्रत्येक भागात लिहावे. पहिले गाव उचल घेते, दुसऱ्याचा सरपंच राजीनामा देतो, एक चाळ रात्री पेटते, असे. दर बैठकीनंतर घडलेला भाग रंगवावा. खेळाडूंनी हस्तक्षेप केला की पुढचे भाग खोडून नव्याने लिहावेत. यामुळे खेळाडू नसतानाही खलपात्राचे काम चालू राहते, आणि भुयाराच्या तळाशी ताटकळणारा राक्षस टळतो.

पात्राची ओळख पटवणारी एखादी लकब पुरे होते. निळू फुल्यांना आवाज चढवावा लागत नसे. आपला कांदा-व्यापारी समोरच्याला बसायला खुर्ची देतो आणि स्वतः उभा राहतो, एवढ्यावर पात्र लक्षात राहते. दहा लकबी एकत्र केल्या की त्याचे सोंग होते.

राक्षस कोणाला म्हणावे

या विषयाची एक बाजू केवळ तंत्राची नाही. भूमिकाखेळांत काही वंश जन्मतःच दुष्ट मानण्याची चाल सुरुवातीपासून होती. तिच्यावर टीका होत गेली, आणि २०२० मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनी ऑर्क, ड्राऊ इत्यादींचे चित्रण बदलण्याचे जाहीर केले. महाराष्ट्रातील वाचकाला हा वाद परका वाटू नये. पुराणांतील असुर बळी हा येथील शेतकऱ्याचा लाडका राजा आहे. बलिप्रतिपदेला त्याचेच राज्य मागितले जाते, आणि महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) वामनालाच कपटी ठरवून ती कथा उलट बाजूने सांगितली. गडचिरोली परिसरातील काही गोंड समाजगट रावणाला पूज्य मानतात. तेव्हा एका मेजावरचे खलपात्र शेजारच्या मेजावर पूर्वज असू शकते.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की खलपात्राचे खलत्व त्याच्या कृतीत असावे, आडनावात, जातीत, बोलीत किंवा शारीरिक व्यंगात नसावे. खलपात्राला लंगडे किंवा एकाक्ष करण्याची सवय जुन्या नाटक-सिनेमांतून आलेली आहे, आणि ती सोडल्याने काही बिघडत नाही. मोहीम सुरू होण्यापूर्वी एक बैठक घेऊन कोणते विषय नकोत हे प्रत्येकाला विचारण्याची पद्धत आता रूढ आहे. कीचकासारखे पात्र आणायचे असेल तर ती अनिवार्य समजावी, कारण मेजाभोवती बसलेल्यांपैकी कोणाला असा अनुभव प्रत्यक्षात आला असेल हे सूत्रधाराला ठाऊक नसते.

खलपात्राचा अंत

खलपात्राला वाचवण्यासाठी सूत्रधाराने फाशांचा निकाल लपवू नये, असे बहुतेक जाणकार मानतात. ते लवकर मेले तर मरू द्यावे, कारण त्याने उभी केलेली व्यवस्था मागे उरते. विराटपर्व येथेही मार्गदर्शक आहे. नर्तनशाळेत रात्री भीम कीचकाला मारतो आणि कृत्य गंधर्वांच्या नावावर जाते. पण गोष्ट तेथे थांबत नाही. कीचकाचे भाऊ सैरंध्रीला त्याच्या प्रेताबरोबर जाळावयास नेतात व भीमाला पुन्हा धाव घ्यावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या सेनापतीच्या धाकाने शत्रू मत्स्यदेशापासून दूर होते तो आता उरलेला नाही. त्रिगर्तांचा राजा सुशर्मा हे ओळखतो आणि विराटाच्या गाई हाकून नेण्यासाठी सैन्य घेऊन निघतो. दुसऱ्या बाजूने कौरवही चाल करतात. राजधानीत तेव्हा कोवळा राजपुत्र उत्तर आणि त्याच्या बहिणीला नृत्य शिकवणारी बृहन्नडा एवढेच उरलेले असतात.